‘आपल्याकडे असे चालत नाही’ हे नक्की कोणी सांगितले?

प्रति,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव आणि हिंजवडी येथील कारखान्यांचे व कार्यालयांचे विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आला की प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात उरलेली रक्कम खर्ची टाकण्याची घाई सुरू होते आणि मुळशी किंवा लोणावळ्याकडच्या एखाद्या रिसॉर्टवर ‘सर्जनशील विचार’ या विषयाची दोन दिवसांची कार्यशाळा ठरते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तिथे आलेले तज्ज्ञ फळ्यावर नऊ ठिपके काढतात आणि पेन न उचलता चार सरळ रेषांनी ते जोडायला सांगतात. कोणालाच जमत नाही असे दिसले की रेषा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेऊन उत्तर दाखवतात, टाळ्या होतात, जेवणही बहुधा चांगले असते. सोमवारी तीच माणसे कामावर येतात आणि शुक्रवारी जसे काम करत होती तसेच पुढे चालू ठेवतात. भोसरी आणि चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, मेथड्स विभागात, म्हणजे काम कोणत्या रीतीने करायचे हे ठरवणाऱ्या विभागात, काम करून निवृत्त झालेला मी एक अभियंता आहे. अशा कार्यशाळांना मी बसलो आहे आणि त्यानंतरचे सोमवारही पाहिले आहेत.

माझी विनंती एका वाक्यात सांगता येते. पुढच्या कार्यशाळेऐवजी तेवढाच वेळ आपल्या विभागातील माणसे कोणकोणत्या गोष्टी ‘चालत नाहीत’ असे धरून बसली आहेत हे लिहून काढण्यात आणि त्यांपैकी प्रत्येक समजुतीचा उगम शोधण्यात घालवावा. ही विनंती का करतो आहे, ते थोडे विस्ताराने मांडतो.

नऊ ठिपक्यांच्या कोड्याचा धडा असा सांगितला जातो की माणूस स्वतःच एक चौकोन कल्पून त्यात अडकतो आणि चौकोन सोडला की उत्तर मिळते. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हाच दावा तपासला. रेषा चौकोनाबाहेर न्याव्या लागतील असे त्यांनी लोकांना आधीच स्पष्ट सांगितले, तरीही कोडे सुटले ते मोजक्याच लोकांना. ‘चौकटीबाहेर विचार करा’ एवढ्या सांगण्याने चौकट मोडत नाही, हे तेव्हापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि तरीही तेच वाक्य आपल्या कॅन्टीनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले असते. बाहेर जायची परवानगी मिळाली तरी कुठून आणि कशासाठी जायचे हे कळल्याशिवाय माणूस हलत नाही. त्यासाठी अडथळा नेमका कोणता, हे आधी दिसावे लागते.

तो आतून दिसत नाही, ही खरी अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेले पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटतात. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी वापरून १०० मापे पाणी मोजायचे असेल, तर मोठे भांडे भरून त्यातून मधले एकदा आणि लहान दोनदा काढावे लागते. अशीच आणखी काही उदाहरणे सोडवून झाल्यावर २३, ४९ आणि ३ मापांच्या भांड्यांनी २० मापे मोजायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी तोच लांबचा हिशेब केला. तेवीसमधून तीन काढले की वीस उरतात, हे त्यांना दिसलेच नाही. ही माणसे मंद नव्हती. त्यांच्याजवळ चालणारी एक रीत होती आणि ती चालत होती म्हणूनच दुसरी शोधायचे कारण उरले नव्हते. आपल्या विभागातले सर्वांत अनुभवी लोक नेमके या जागी अडकतात. बुद्धिबळपटूंच्या डोळ्यांची हालचाल टिपणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीची चाल सुचलेले खेळाडू ‘आम्ही याहून चांगली चाल शोधतो आहोत’ असे सांगत होते, पण त्यांची नजर पहिल्या चालीशी संबंधित घरांवरच पुन्हा पुन्हा जात होती. त्यामुळे ‘आम्ही सगळे पर्याय पाहिले’ असे एखादा ज्येष्ठ सहकारी सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, आणि तरीही सगळे पर्याय पाहिले गेलेले नसतात.

आता कारखान्यातली गोष्ट. चाकण परिसरातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर तयार होणाऱ्या एका ब्रॅकेटच्या आतल्या कडेवरची बर, म्हणजे पत्रा कापल्यावर राहणारी धारदार कोर, कानस मारून काढली जात असे. ब्रॅकेट गाडीत बसल्यावर ती कड कोणाला दिसत नव्हती, तिला हात लागत नव्हता आणि तिच्याजवळून वायरही जात नव्हती, तरीही प्रत्येक पाळीत एक माणूस त्याच कामावर उभा असायचा. नव्याने आलेल्या एका अप्रेंटिसने, हे कशासाठी, असे विचारले. सुपरवायझर म्हणाला, क्वालिटीवाल्यांना हवे आहे. क्वालिटी विभागाचे म्हणणे पडले की ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये असणार. ड्रॉइंग उघडून पाहिले तेव्हा हाताळल्या जाणाऱ्या कडा धारदार नसाव्यात, अशी एक सर्वसाधारण टीप सापडली आणि ही कड हाताळली जाणाऱ्यांपैकी नव्हती. बऱ्याच शोधाशोधीनंतर जुन्या फायलींत उगम मिळाला. फार पूर्वी एका निर्यात ऑर्डरच्या गाडीत त्या कडेलगत वायरींचा जुडगा जात होता आणि तो कापला जाऊ नये म्हणून तेवढ्या ऑर्डरपुरते ते काम सुरू केले होते. ऑर्डर संपली, कानस चालूच राहिली. ग्राहकाला प्रक्रियाबदलाची रीतसर सूचना गेली, त्यांनी नमुने तपासून संमती दिली आणि काम बंद झाले.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ते काम बंद करण्यावर कोणीही कधीही बंदी घातलेली नव्हती. ऑपरेटरला वाटत होते की मनाई सुपरवायझरची आहे, सुपरवायझरला वाटत होते क्वालिटीची आणि क्वालिटीला वाटत होते ग्राहकाची. प्रत्येकाने आपल्या मनात एक भिंत बांधून ती शेजारच्या टेबलाच्या नावावर चढवली होती. मानसिक मर्यादा स्वतः घालून घेतलेल्या असतात असे आपण म्हणतो खरे, पण नोकरीच्या ठिकाणी माणूस त्या एकटा घालून घेत नाही. सगळे मिळून घालतात आणि कोणीही त्यांची मालकी घेत नाही. म्हणून एकेकट्या कर्मचाऱ्याला धीट होण्याचे प्रशिक्षण देऊन त्या हटत नाहीत. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांतही चित्र वेगळे नाही. ‘क्लायंटला आवडणार नाही’ या कारणाने बाद झालेल्या कल्पनांपैकी किती कल्पना क्लायंटपर्यंत पोचल्या होत्या, एवढाच प्रश्न एखाद्या टीम लीडला विचारून पाहावा.

इथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे, कारण उत्साहाच्या भरात फार मोठे नुकसान होऊ शकते. प्रत्येक मर्यादा काल्पनिक नसते. प्रेस चालवताना दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे एकाच वेळी दाबावी लागतात, कारण एक हात मोकळा राहिला की तो डायखाली, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, जातो. या व्यवस्थेमागे कोणाकोणाची बोटे गेलेली आहेत. उत्पादन वाढावे म्हणून त्यातले एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारा माणूस स्वतःला कल्पक समजत असेल, तर त्याला त्याच क्षणी थांबवले पाहिजे. उगम शोधण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. उगम कायद्यात, ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये, धातूच्या गुणधर्मात किंवा एखाद्या अपघातात सापडला, तर नियम अधिक पक्का होतो आणि पाळणाऱ्यालाही तो का पाळायचा हे कळते. उगम कुठेच सापडला नाही, तरच त्याला हात लावायचा. ‘नियम मोडा’ असले आवाहन करणाऱ्यांपैकी मी नाही.

आपल्याच शहराच्या इतिहासात अशा समजुती बाजूला सारल्याचे दाखले आहेत. खडकवासल्याच्या तलावात पाणी अधिक साठवायचे तर भिंत उंच करायला हवी, असे कोणालाही वाटले असते. पुण्याच्याच सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर बसणारी स्वयंचलित दारे आखली आणि ती १९०३ मध्ये तिथे बसवली गेली. पाणी ठरावीक पातळीला पोचले की दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. धरणाची भिंत होती तेवढीच राहिली आणि साठवण वाढली. पाणी अडवणारी आणि सोडणारी वस्तू एकच असू शकते, असा तो विचार आहे. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर तीच कल्पना वापरली गेली.

दुसरा दाखला पाषाणचा आहे आणि तो एका संस्थेच्या सामूहिक समजुतीविषयी आहे, म्हणून तो विभागप्रमुखांच्या अधिक उपयोगाचा. १९८९ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, त्या काळात परदेशात तयार होणारे रसायन आपल्याकडे कसे बनवायचे हे आपल्या प्रयोगशाळांचे मोठे काम समजले जाई. बंदिस्त अर्थव्यवस्थेत ते गरजेचेही होते, पण त्या गरजेतून एक समजूत घट्ट झाली की तंत्रज्ञान तिकडून इकडे येते, इकडून तिकडे जात नाही. माशेलकरांनी प्रयोगशाळेला परदेशी कंपन्यांना तंत्रज्ञान विकण्याच्या दिशेने वळवले आणि नव्वदच्या दशकात पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या संशोधनासाठी जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी या प्रयोगशाळेशी जोडली गेली. शास्त्रज्ञ तेच होते. माशेलकरांनी ‘काइट फ्लाइंग फंड’, म्हणजे पतंग उडवण्यासाठीचा, असा एक छोटा निधीही ठेवला होता. यशाची शक्यता हजारात एक असली तरी कल्पना नवी असेल, तर तिला त्यातून पैसा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडच्या सजेशन बॉक्सच्या अर्जात ‘अपेक्षित बचत रुपयांत’ हा रकाना सर्वांत वर असतो. त्या रकान्यापाशीच किती पतंग फाटत असतील, याचा अंदाज आपण करावा.

शॉपफ्लोअरवरचे माझे सर्वांत आवडते उदाहरण मात्र जपानचे आहे. टोयोटाच्या कारखान्यात १९६९ मध्ये एक हजार टनी प्रेसवरची डाय बदलायला चार तास लागत होते आणि जर्मनीतील फोक्सवागनला तसल्याच प्रेसवर दोन तास. औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी सहा महिने खपून तो वेळ दीड तासावर आणला. स्पर्धकाला मागे टाकले होते, तिथे बहुतेक कंपन्यांनी सत्कार करून विषय संपवला असता. व्यवस्थापनाने पुढचे लक्ष्य दिले ते तीन मिनिटांचे. दीड तासाचे सव्वा तास करायला सांगितले असते, तर शिंगोंनी बोल्ट थोडे कमी केले असते, पाने जवळ ठेवले असते आणि माणसांना घाई केली असती. तीन मिनिटे या आकड्यात यांपैकी काहीच बसत नव्हते. त्यामुळे डाय बदलण्याचे काम यंत्र थांबवल्यावरच करायचे, ही कोणीही न उच्चारलेली समजूत उघडी पडली. डायची जुळवणी, तपासणी, नेआण ही सगळी कामे आधीची डाय चालू असतानाच उरकायची आणि यंत्र थांबवायचे ते फक्त प्रत्यक्ष अदलाबदलीसाठी, असे वर्गीकरण त्यातून पक्के झाले आणि लक्ष्य गाठले गेले. आज आपल्या प्रत्येक प्रेसशॉपमध्ये या पद्धतीचा तक्ता लावलेला असतो. तक्ता आपण घेतला, पण जुन्या रीतीला जागाच उरणार नाही असे लक्ष्य विचारपूर्वक द्यायचे, ही त्यामागची कृती फारशी घेतली नाही. आपण देतो ती लक्ष्ये दरवर्षी पाच टक्क्यांची असतात आणि पाच टक्के जुन्याच रीतीने, थोडा अधिक घाम गाळून, मिळतात.

आणखी एक मर्यादा अशी आहे की तिच्यात आपण सगळेच सापडतो. ‘नेचर’ या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात लोकांना आराखडे, लेख, लेगोच्या रचना सुधारायला दिल्या होत्या. काढून टाकणे सोपे आणि सरस होते तिथेही लोक बहुधा काही ना काही जोडतच गेले. एका प्रयोगात नवी वीट लावायला पैसे पडतील, हे सगळ्यांना सांगितले होते; काढणे फुकट आहे अशी साधी आठवण ज्यांना करून दिली, त्यांच्यापैकी कितीतरी अधिक जणांनी वीट काढली. आपल्या कार्यालयांत एखादी चूक झाली की तपासणीची एक पायरी वाढते, फॉर्मवर एक सही वाढते, आठवड्याला एक मीटिंग वाढते, आणि कमी काय करता येईल हा प्रश्न कोणत्याही अजेंड्यावर नसतो. याच पुण्यात चार सिलिंडरच्या इंडिका इंजिनाचे अर्धे करून दोन सिलिंडरचे सातशे सीसीचे इंजिन बनले आणि ते घेऊन २००५ मध्ये टाटा एस रस्त्यावर आली. छोट्या ट्रकसाठी काय जोडायचे, यापेक्षा हातात असलेल्यातून काय वजा करायचे, असा विचार त्यामागे दिसतो.

मीटिंगविषयी एवढेच. घोळक्याने बसून कल्पना काढण्याची पद्धत, म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंग, अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली, तेव्हा तेवढीच माणसे वेगवेगळी बसून विचार करतात तेव्हा एकूण कल्पना अधिक आणि चांगल्या निघतात, असे आढळले. आपल्याकडे तर मोठे साहेब सर्वांत आधी बोलतात. त्यानंतर जे निघते त्याला मी कल्पना म्हणणार नाही. आधी प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहावे, कागद गोळा व्हावेत आणि साहेबांनी शेवटी बोलावे.

आमच्या माणसांत कल्पकताच कमी आहे, हा आक्षेप मी अनेक विभागप्रमुखांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांनी गणपतीत एकदा हलते देखावे बघायला पेठांतून पायी फिरावे. वर्गणीत भागतील तेवढ्या पैशांत, जुन्या मोटरी, सायकलच्या चेन आणि भंगारातल्या पट्ट्या जुळवून, चतुर्थीची न हलणारी तारीख गाठून, अफजलखानाचा हात उचलायला लावणारा तरुण दुसऱ्या दिवशी आपल्याच सेकंड शिफ्टला येतो आणि फिक्स्चरची क्लॅम्प उलटी बसवली तर जॉब लवकर निघेल हे दिसूनही गप्प राहतो. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीत थर्माकोल आणि बांबूतून वाडा उभा करणारी मुलगी पुढे आपल्या ऑफिसात प्रेझेंटेशनचा साचासुद्धा बदलत नाही. मंडळात आणि तालमीत त्यांना कोणी प्रशिक्षण दिलेले नसते. तिथे चूक झाली तर हशा होतो आणि रात्रीतून दुरुस्ती होते. आपल्याकडे चूक झाली तर ती अप्रेझलच्या वेळी पुन्हा निघते. हिशेब करून गप्प बसणारा माणूस भित्रा नसतो.

म्हणून जी यादी करायची, ती कामाच्या वेळात करावी, तिच्यावर नाव टाकण्याची सक्ती नसावी आणि भाषा माणूस जशी बोलतो तशीच राहू द्यावी. ‘असे केले तर ऑडिटला लागेल’, ‘मेंटेनन्सवाले हात लावू देत नाहीत’, ‘हे सरांना विचारलेले आवडत नाही’ अशीच वाक्ये येतील आणि तशीच हवीत. प्रत्येक वाक्यासमोर उगम लिहिण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसावर, ठरलेल्या मुदतीत टाकावी, आणि ती जबाबदारी वाक्य लिहिणाऱ्यावर कधीही टाकू नये, नाहीतर दुसऱ्या वेळी कोणी लिहिणार नाही. उगम विभागप्रमुखाच्या स्वतःच्या एखाद्या जुन्या शेऱ्यात सापडण्याचा संभव बराच आहे. तो शेरा त्या दिवशी योग्य असेलही. आता तो लागू नाही, हे त्याच माणसाने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय खालची माणसे त्यावर विश्वास ठेवणार नाहीत; त्यासाठी काढलेले परिपत्रक पुरणार नाही.

पहिल्या यादीत कामाच्या वाक्यांपेक्षा कॅन्टीनच्या चहाची, रजेच्या अर्जाची आणि पार्किंगची वाक्ये जास्त असतील. त्यावरून यादी बाजूला टाकू नये. आपण खरोखर उत्तर देता की नाही, हे माणसे आधी चहाच्या विषयावर तपासून पाहतील. चहाचे उत्तर आठवड्यात मिळाले, मग ते नकाराचे का असेना पण कारणासहित असले, तर कानस, क्लॅम्प आणि सेटिंगची वाक्ये दुसऱ्या यादीत येतील. सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर अंतिम तपासणीच्या टेबलापासून आणि रात्रपाळीपासून करावी, असे मी सुचवेन. तपासणीच्या टेबलावर जुन्या ऑर्डरींचे अवशेष सर्वांत जास्त साठलेले असतात, आणि रात्रपाळीला विचारायला कोणी वरिष्ठ नसल्यामुळे कोणते नियम खरोखर लागतात आणि कोणते नाही, हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मेथड्स इंजिनिअर, पुणे